वेणी उकलल्यावर

जनाबाईंच्या नावावरच्या एका अभंगात जनी तुळशीच्या बनात वेणी सोडत बसली आहे आणि विठ्ठल हातात लोणी घेऊन तिचं डोकं चोळतो आहे. मग तो तिला न्हाऊ घालतो. जनी हे कुणापासून लपवत नाही, साऱ्यांना अभिमानानं सांगते. जनाबाई गंगाखेडच्या. ज्यांच्या घरी त्यांनी दळणकांडण केलं त्या नामदेवांची नर्सी आमच्या हिंगोली जिल्ह्यात आणि नामदेवांचे गुरू विसोबा खेचर औंढा नागनाथचे. ही सगळी आमच्या वसमतच्या आजूबाजूचीच गावं, त्यामुळे बायकांच्या भजनात हा अभंग मी लहानपणापासून ऐकत आले.

मराठीत बाईच्या केसांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण त्यातलं बरंचसं लांबून पाहणाऱ्याचं आहे. मोकळे केस, ओले केस, केसांतला गजरा. या अभंगात मात्र टाळू आहे, बोटं आहेत, लोण्याचा चिकटपणा आहे. दिवसभर दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईचे केस गुंतलेले असतात, डोकं खाजत असतं आणि तिकडे बघायला तिला फुरसत नसते, हे ज्याला आतून माहीत आहे त्याचेच हे शब्द. वेणी सोडल्यावर केसांना काय लागतं तेही त्यातल्या देवाला ठाऊक आहे. आधी स्निग्ध काहीतरी, पाणी नंतर. हा क्रम अगदी बरोबर आहे, आणि तो उलटा झाला की काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

आमच्याच भागात देवाचं नाव बाईच्या केसांना आणखी एका तऱ्हेनं चिकटलेलं आहे. जट. बाईच्या केसांत गुंता झाला, तो सुटेना, त्याचा गोळा झाला, की 'देवीनं जट दिली' असं म्हणतात. कुणी माहूरच्या रेणुकेचं नाव घेतं, कुणी यल्लम्माचं. त्या दिवसापासून त्या केसांना फणी लावायची नाही, कात्री तर नाहीच. हळदीकुंकू वाहायचं, मंगळवार-शुक्रवार पाळायचे. बाईच्या डोक्यावर गाठोडं वाढत जातं आणि घर त्याच्या पाया पडतं.

माझ्या लांबच्या नात्यातल्या एका मावशीला जट आली ती बाळंतपणानंतर. वसमत तालुक्यातलंच गाव. बाळंतपण अवघड झालं, मागून ताप भरला, कित्येक आठवडे ती अंथरुणाला खिळून होती. उशीवर डोकं घासत राहिलं, घाम येत राहिला, केस कुणी विंचरले नाहीत. उठून बसली तेव्हा मानेमागे मुठीएवढा गोळा झाला होता. त्या वेळी एखाद्या बाईनं वाटीभर तेल घेऊन दुपारभर तिच्यामागे बसायचं ठरवलं असतं तर तो सुटला असता. पण घरात पहिला प्रश्न आला तो, ही कुठल्या देवीची, असा. मावशीनं त्यानंतर दहा-बारा वर्षं ती जट वागवली.

जट कशी होते हे समजून घ्यायला अवघड काहीच नाही. केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा, आणि त्याच्या पृष्ठभागावर अगदी बारीक खवले असतात. ओलावा आणि घर्षण मिळालं की एका केसाचे खवले दुसऱ्याच्या खवल्यांत अडकतात. मेंढीच्या लोकरीचा नमदा याच गुणामुळे तयार होतो. त्यात रोजचं गळणं मिसळतं. कुणाच्याही डोक्यावरून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. आपण विंचरतो तेव्हा ते कंगव्यात येतात आणि आपण ते गुंडाळून टाकून देतो. ज्या डोक्याला कंगवाच लागत नाही तिथे गळालेला केसही आतच राहतो, आणि जिवंत केसांना बांधून ठेवतो. मावशीच्या डोक्यावर जे लटकत होतं त्यातलं कितीतरी असं कधीच गळून गेलेलं होतं. वैद्यकात याला प्लायका पोलोनिका हे नाव आहे, कारण एके काळी पोलंडमध्ये असे गुंते घरोघर दिसत. तिथले लोकही ते कापायला घाबरायचे. गुंता शरीरातला रोग बाहेर ओढून घेतो, तो काढला तर माणूस आंधळं होईल, वेडं होईल, असं मानायचे. एकोणिसाव्या शतकात जोझेफ डिट्ल या डॉक्टरनं त्याविरुद्ध मोहीम चालवली. हाच डिट्ल पुढे क्राकूव्ह शहराचा महापौर झाला. देवी नसलेल्या देशातही जट होती आणि भीती तर अगदी आपल्यासारखीच होती, हे मी आमच्याकडच्या बायकांना आवर्जून सांगते.

मावशीच्या जटेला आणखी एक रंग होता. वसमत हळदीचं गाव. २०२४ साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या बायकांचे उन्हाळे हळदीत जातात. काढणी, शिजवणं, उन्हात वाळवणं, मग पॉलिश. पॉलिशच्या ड्रममध्ये हळकुंडं फिरायला लागली की पिवळा धुरळा उडतो आणि पापण्यांवर, कानांत, केसांच्या मुळांशी जाऊन बसतो. बाकीच्या बाया संध्याकाळी घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेत. मावशीला तेवढं करता येत नव्हतं, कारण एवढी जट भिजली की दोन-दोन दिवस वाळायची नाही आणि आतून कुबट वास यायचा. वर देवीचा भंडारा म्हणून घरची माणसं पुन्हा हळदच लावायची. मान कायम एका बाजूला कललेली. झोप कुशीवरच. डोक्यात उवा होत्या, खाजवून झालेल्या जखमा होत्या, आणि हे सगळं ती देवीचं देणं म्हणून सहन करत होती. सहन करण्याची ताकद आमच्याकडच्या बायकांत अफाट आहे. त्या ताकदीचा मला राग येतो, हे मी स्पष्टच सांगते.

मावशीची जट काढली ती महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली ही समिती उभी केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. जटेच्या कामात सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते पुण्याच्या नंदिनी जाधव यांचं. त्यांचा मूळचा व्यवसाय ब्युटी पार्लरचा. दोनशेहून अधिक बायकांच्या जटा त्यांनी सोडवल्या आहेत. मला हे फार महत्त्वाचं वाटतं की हे काम करणारी बाई केसांची कारागीर आहे. केस कुठे धरायचे, कुठे कापायचे, टाळूला ओढ न बसता कात्री कशी फिरवायची हे तिच्या हाताला माहीत असतं. पुरोगामी विचार भाषणातून सांगता येतो, पण समोर बसलेल्या घाबरलेल्या बाईच्या मानेवर हात ठेवायला दुसरीच तयारी लागते.

जटा काढण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. फोटोत कात्री असते, कापलेली जट हातात धरलेली असते, ती बाई ओढूनताणून हसत असते. बातमी तिथे संपते. मला त्या फोटोच्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायचं आहे, कारण मावशी त्या दिवशी आमच्या वसमतच्या घरी होती. सासरचे नाही म्हणाले नव्हते, पण घाबरले होते. आईनं सांगितलं, चार-सहा आठवडे हिला माझ्याकडे राहू द्या.

जट टाळूपासून कधीच कापत नाहीत. मुळाशी दोन बोटं केस ठेवून कापतात. ते दोन बोटं केसही गुंतलेलेच असतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. मावशी पहिल्या दिवशी सारखा हात मानेमागे न्यायची. उठताना जट सावरायची सवय हाताला लागलेली होती. "अक्का, डोकं जाग्यावर हाय का नाही तेच कळंना," ती आईला म्हणायची. तिला चालताना झोक जात होता. मान इतकी वर्षं ओझ्याविरुद्ध ताठ धरलेली होती, ओझं गेल्यावर ती कुठे ठेवायची हे शरीराला समजायला वेळ लागला.

तिला लगेच न्हायचं होतं. इतक्या वर्षांनी डोक्यावरून पाणी घ्यायचं होतं, आणि बादली भरून तयार होती. आईनं तिला थांबवलं. गुंतलेले केस भिजवले की खवले आणखी घट्ट अडकतात, आणि जे बोटांनी सुटलं असतं ते मग कात्रीशिवाय सुटत नाही. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचे केस लहानपणी असेच गेले होते. लग्नघरी घातलेली वेणी आठवडाभर सोडली नाही आणि मग तशीच न्हाणीघरात जाऊन साबण लावला. शेवटी मानेपर्यंत कापावे लागले होते. तेव्हा आधी तेल, मग बोटं, मग मोठ्या दातांचा कंगवा, मग पाणी. कंगवा टोकाकडून मुळाकडे चढवत न्यायचा. टोकाचा गुंता सुटला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. मुळाशी कंगवा घालून खाली ओढणारी माणसं सगळे गुंते एकावर एक रचत नेतात आणि शेवटी केस तोडतात.

तेल खोबरेल. मराठवाडा करडईचा, स्वयंपाकात आमच्याकडे करडईचंच तेल असायचं, पण डोक्याला आईनं खोबरेलच घेतलं. तिच्या या हट्टाला शास्त्राचाही आधार आहे. मुंबईच्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातून धुण्या-विंचरण्यानं जे प्रथिन झिजून जातं ते खोबरेलानं कमी होतं, इतर दोन तेलांनी होत नाही, असं त्यात दिसलं. खोबरेलातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असतो, तो केसाच्या आत शिरू शकतो. पण जिथे टाळूवर जखम होती तिथे आईनं तेलाचं बोट लावलं नाही. तिथे सरकारी दवाखान्यातून आणलेलं मलम. उवांचं औषधही तिथूनच. ते एकदा लावून भागत नाही. लिखांतून आठ-दहा दिवसांत नव्या उवा निघतात, म्हणून त्या सुमाराला पुन्हा लावावं लागतं आणि मधल्या काळात बारीक फणी फिरवत राहावं लागतं. रिठा-शिकेकाईचा विचार शेजारच्या काकूंनी सुचवला होता. त्यांचा फेस चांगला, पण भुकटीचे कण गुंत्यात बसतात आणि उघड्या जखमेला झोंबतात. सौम्य शाम्पू पाण्यात पातळ करून तोच वापरला.

पहिलं पाणी पिवळं आलं. दुसरंही. मोरीतून हळद वाहत होती. मावशी खाली मान घालून बसली होती आणि आई तांब्यानं पाणी घालत होती. मध्येच मावशीनं विचारलं, "अजून पिवळंच हाय का गं?" आई म्हणाली, "हाय. बस गपचिप." तिसऱ्या का चौथ्या न्हाण्याला पाणी स्वच्छ आलं.

बोटांनी केस सोडवताना हातात जे येत होतं ते पाहून मावशी रडली होती. झुपकेच्या झुपके. तिला वाटलं उरलेले केसही चालले, देवीनं शिक्षा दिली. हे भय जगभरच्या बायकांना ठाऊक आहे. आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया डोकंभर बारीक वेण्या घालून घेतात आणि सहा-आठ आठवड्यांनी सोडतात, तेव्हा त्यांच्याही हातात असाच ढीग येतो. हिशेब साधा आहे. रोजचे पन्नास ते शंभर केस वेणीत अडकून राहिले तर सहा आठवड्यांत ते दोन ते चार हजार होतात आणि एकाच दुपारी बाहेर पडतात. त्यातला एकही नव्यानं गळलेला नसतो. आमच्या मावशीच्या बाबतीत तो हिशेब कित्येक वर्षांचा होता. आईनं तिला एक केस उजेडात धरून दाखवला. टोकाला पांढरा बारीक दाणा होता. "हा मुळातून आपल्या आपण सुटलेला हाय. तुटलेला नाही. ह्याच्या जागी दुसरा येतो." मावशीला ते पटलं की आईचा आवाज पटला, सांगता येणार नाही, पण ती रडायची थांबली.

आफ्रिकी वंशाच्या त्या स्त्रियांबद्दल थोडं अधिक सांगायला हवं, कारण जटेवर बोलताना लोक त्यांच्या लॉक्सकडे, म्हणजे दोरीसारख्या वळलेल्या केसांकडे, बोट दाखवतात. त्यांच्या वेण्या आणि लॉक्स त्यांनी स्वतः निवडलेल्या असतात, त्यांची निगा असते, धुणं असतं. नोकरीत आणि शाळेत त्या केसांवरून त्यांना हिणवलं गेलं, म्हणून कॅलिफोर्नियानं २०१९ साली केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. तिथे झगडा आपले केस आपल्या मर्जीनं ठेवण्याचा आहे. आमच्याकडे जट काढणाऱ्या बाईचा झगडाही तोच आहे. वरवर पाहणाऱ्याला एक ठेवते आणि दुसरी काढते एवढंच दिसतं.

आणि ही मर्जी आपल्याकडे बाईला कधी होती? ब्राह्मण विधवेचे केस जबरदस्तीनं उतरवले जात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी एकत्र येऊन, विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालवणार नाही, असं ठरवलं. वस्तरा ज्यांच्या हातात होता त्यांनीच तो खाली ठेवला, ही आपल्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, शाळेच्या पुस्तकात तिला पान मिळायला हवं. त्याच महाराष्ट्रात दुसऱ्या जातींतल्या, गरीब घरांतल्या मुलींच्या डोक्यावर जट दिसली की त्यांना यल्लम्माला सोडलं जाई, जोगतीण केलं जाई. कर्नाटकानं १९८२ साली आणि महाराष्ट्रानं २००५ साली देवदासी समर्पणाविरुद्ध कायदे केले. राजन गवसांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून २००९ साली 'जोगवा' चित्रपट आला. त्यातल्या सुलीचं आयुष्य केसांतल्या एका गुंत्यानं ठरतं. एकीचे केस ठेवू दिले नाहीत, दुसरीचे काढू दिले नाहीत. डोकं तिचं, आणि त्यावरचा निर्णय गावाचा.

देवीवर श्रद्धा असलेल्या बाईला मी देवी सोड असं कधी म्हणत नाही. मला ते नकोही आहे, माझी स्वतःची आई माहूरला जाते. मी अशा बाईला वसमतहून तासाभराच्या वाटेवरच्या नांदेडकडे बघायला सांगते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जिथे देह ठेवला त्या गुरुद्वाऱ्यात केस न कापणारे हजारो लोक येतात. त्यांच्या पाच ककारांत केस आहेत आणि केसांच्या जोडीला कंगवाही आहे. केस देवाचे मानले म्हणून ते विंचरायचे, धुवायचे, नीट बांधायचे, रोज. केस न कापणं आणि केस न विंचरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भक्तीला त्यातली दुसरी लागते असं कुठेच नाही. हे सांगितल्यावर बायका विचारात पडतात. भांडण केल्यानं पडत नाहीत.

मावशीच्या सासरी दोन-तीन महिन्यांनी म्हैस आजारी पडली. गावात कुजबूज सुरू झाली. जट काढल्यानंतरच्या काळात सगळ्यात जास्त जपायचं ते इथे. कुठल्याही घरात वर्षभरात काहीतरी बिघडतंच. कुणाला ताप येतो, मोटार जळते, पाऊस दगा देतो. ते सगळं त्या बाईच्या उघड्या डोक्यावर येऊन पडतं. कार्यकर्त्या तेव्हा पुन्हा आल्या, सासऱ्यांजवळ बसल्या, गुरांच्या डॉक्टरला बोलावलं, म्हैस उठली. ती उठली नसती तरी त्या आल्याच असत्या, एवढं मी त्यांना ओळखते. माझं ठाम मत आहे की जट काढणाऱ्यांनी वर्षभराचं येणं-जाणं कबूल केल्याशिवाय कात्री हातात घेऊ नये. बहुतेक जण ते करतात. त्याची बातमी होत नाही एवढंच.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. त्याला कुठल्याही तेलानं घाई करता येत नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. तीन महिन्यांनी मावशीचे केस कानावर आले, एका बाजूला जास्त दाट, एका बाजूला विरळ. जिथे जट सर्वांत जड होती तिथे ओढीनं मुळंच दुबळी झाली होती. घट्ट केशरचनेनं असं होतं हे १९०७ साली ग्रीनलंडमधल्या स्त्रियांच्या बाबतीत पहिल्यांदा नोंदलं गेलं. त्या केस वर ओढून गच्च बांधायच्या आणि त्यांच्या कपाळावरची केसांची रेघ मागे सरकायची. ओढ वेळेवर थांबली तर केस परत येतात, फार वर्षं चालली तर ती जागा कायमची उघडी राहते. मावशीचे बरेचसे आले. कानामागची एक जागा आली नाही.

हे वाचताना शाळेत जाणाऱ्या मुलींच्या आयांनी आपल्या मुलीच्या कपाळाकडे एकदा बघावं. लाल रिबिनी लावून दोन वेण्या, आणि त्या इतक्या करकचून की भुवया वर ओढल्या जातात, हे आपल्या मराठवाड्यात नीटनेटकेपणाचं लक्षण मानतात. सकाळी घाई असते, वेणी संध्याकाळपर्यंत टिकायला हवी असते, सगळं खरं. पण कानावरचे आणि कपाळाच्या कडेचे बारीक केस तुटायला लागले असतील तर वेणी सैल घाला, एखाद्या दिवशी भांग दुसरीकडे पाडा, आणि घरी आल्याबरोबर रिबिनी सोडा. रात्रीसाठी एक सैल वेणी पुरते. मुलगी डोकं दुखतं म्हणाली तर तिला अभ्यास टाळायचा आहे असं समजू नका.

मावशी सासरी परतली ती स्वतःची फणी घेऊन. आमच्याकडे असताना पहिले काही दिवस आई तिचं डोकं विंचरायची, मग एकदा आईनं कंगवा तिच्याच हातात दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मावशीला भांग पाडता येईना. हात विसरला होता. आरशात बघून ती डावीकडे नेऊ लागली की कंगवा उजवीकडे जायचा. तिची धाकटी मुलगी, जिच्या बाळंतपणात जट आली होती तीच, शेजारी बसून सांगत होती, "आई, इकडं, इकडं." ती मुलगी जन्मापासून आईच्या पाठीवर जटच बघत आलेली. आईचे केस मऊ असू शकतात हे तिला माहीत नव्हतं. ती येता-जाता हात लावून बघायची आणि मावशी तिला लटकं रागवायची.

आता मावशीच्या डोक्यावर बुचडा बसतो. हळदीच्या दिवसांत ती डोक्याला घट्ट फडकं बांधते, संध्याकाळी सोडते, केस झटकते, आठवड्यातून दोनदा न्हाते. तिच्याकडे आसपासच्या गावांतून बाया येतात. कुणी नुसतं बघायला, कुणी विचारायला. परवा एक जण आली, पदराखाली जट लपवून, बरोबर जाऊबाई. काढायची म्हणाली, लवकर काढायची, पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे. मावशीनं तिचा पदर बाजूला केला, मुळाशी बोटं घालून पाहिलं, खरचटलेल्या जागा दाबून विचारल्या. मग म्हणाली, "लग्नासाठी काढू नको. लग्नात दहा जणी दहा गोष्टी बोलतील, तुझी टाळू ताजी असंल, तुला रडू येईल. हळदीतबी नको, धुरळा जखमेत जातो. दिवाळी होऊ दे. मग काढली तर हळद शिजायच्या येळेला दोन-तीन बोटं केस आलेले असतील." जाऊबाईनं विचारलं, वार कोणता? मंगळवार-शुक्रवार देवीचे, त्या दिवशी कात्री लावायला त्या दोघी तयार नव्हत्या. मावशीनं त्यावर वाद घातला नाही. सोमवार ठरला. तेल घरचंच आणायला सांगितलं, डोक्याखाली घ्यायला जुनं लुगडं आणायला सांगितलं, आणि आधी दवाखान्यात जाऊन जखमा दाखवून ये, त्याशिवाय मी कुणाला फोन लावणार नाही, असंही बजावलं.